भोंगा परत, हिशोब ठेवा: वागळे इस्टेटमधल्या एका मिनी प्रोजेक्टचं प्रकरण

ठाण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजमधल्या तिसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी वागळे इस्टेटमधल्या एका जॉबवर्कच्या (इतर कारखान्यांची कामं करून देणाऱ्या) गाळ्यासाठी विजेची डिमांड, म्हणजे वीजवाहिनीवरचा भार, मोजणारं यंत्र बनवलं. यंत्र चाललं. गाळ्याला दर महिन्याला बसणारा दंड थांबला. आणि दंड थांबला म्हणूनच मालकाने यंत्र विकत घ्यायला नकार दिला. हे प्रकरण त्या नकाराचं आहे, आणि त्या नकाराला मार्क किती द्यायचे यावरून आमच्या स्टाफरूममध्ये जो वाद झाला त्याचंही. मी या टीमची गाइड होते. विद्यार्थी, मालक, वायरमन, कॉलेज यांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कागदावर काय होतं

मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या सुधारित अभ्यासक्रमात दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक सेमिस्टरला मिनी प्रोजेक्ट होता. गटात किमान तीन आणि जास्तीत जास्त चार जण. टर्मवर्कचे, म्हणजे सेमिस्टरभराच्या कामाचे, २५ मार्क: लॉगबुक (कामाच्या नोंदींची वही) बघून गाइडने द्यायचे १०, रिव्ह्यू कमिटीने १०, रिपोर्टचे ५. अभ्यासक्रमात सुरुवातीलाच अपेक्षा अशी लिहिलेली आहे की विद्यार्थ्यांनी सर्व्हे करून गरज शोधावी आणि त्या गरजेतून प्रॉब्लेम स्टेटमेंट, म्हणजे सोडवायच्या प्रश्नाची मांडणी, काढावं. म्हणजे अभ्यासक्रमाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याने तो लिहिला त्याला नेमकं काय हवं ते माहीत होतं.

प्रत्यक्षात सर्व्हे म्हणजे गुगल फॉर्म. तो वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा, संध्याकाळपर्यंत मित्रमंडळी 'हे उपयुक्त वाटतं' वर टिचकी मारून मोकळी होतात, आणि दुसऱ्या दिवशी लोकल पकडून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सेन्सर आणायला जायचं. मग तयार होतो स्मार्ट डस्टबिन. झाकण आपोआप उघडणाऱ्या कचऱ्याच्या डब्यांच्या किती पिढ्या मी तोंडी परीक्षेत पाहिल्या असतील! त्यातला एकही डबा कॉलेजच्या गेटबाहेर गेला नाही, आणि गेला असता तरी त्यात कचरा टाकणारा कोण, डबा विकत घेणारा कोण, हे कुणी विचारलेलं नसतं.

उद्योजकता विकास आणि व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय आठव्या सेमिस्टरला, तोही ऐच्छिक. तोपर्यंत बऱ्याच जणांच्या हातात ऑफर लेटर असतं. २०१८ पासून केंद्राच्या योजनेतून कॉलेजांमध्ये इनोव्हेशन कौन्सिल आल्या, त्यांची व्याख्यानं होतात, पोस्टर स्पर्धा होतात, सर्टिफिकेट मिळतात. व्याख्यान ऐकून धंद्याची हौस वाढते, हे खरं. पण अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून त्याचा वेळ मागायचा आणि शेवटी त्याच्याकडून पैसे मागायचे, हे हॉलमध्ये बसून येत नाही. त्यासाठी हाताशी असलेली एकच जागा म्हणजे मिनी प्रोजेक्ट, आणि माझ्या हातातलं एकच हत्यार म्हणजे लॉगबुकचे ते १० मार्क.

टीम आणि तिचा पहिला विचार

दोघं मेकॅनिकलचे: लोकमान्यनगरची एक मुलगी आणि डोंबिवलीहून येणारा एक मुलगा. तिसरा कळव्याचा, इलेक्ट्रॉनिक्सचा. चौथा घोडबंदर रोडचा, कॉम्प्युटरचा. वेगवेगळ्या शाखांची टीम करायला दोन विभागप्रमुखांच्या सह्या आणि एक अर्ज लागला. मार्क कुठल्या विभागाच्या शीटवर चढणार यावरही बरीच चर्चा झाली. ते सोडून देते.

त्यांची कल्पना ठरलेली होती. लेथच्या स्पिंडलवर कंपन मोजणारा सेन्सर लावायचा, डेटा क्लाउडवर पाठवायचा, आणि बेअरिंग कधी जाणार हे मालकाला अॅपवर आधीच सांगायचं. कल्पना वाईट नाही. मोठ्या कारखान्यांत अशी यंत्रणा असते. मी एवढीच अट घातली की लॉगबुकात निदान पहिल्या रिव्ह्यूपर्यंत पुरतील एवढी गाळेवाल्यांशी झालेली बोलणी येईपर्यंत एक रुपयाचं सामान आणायचं नाही. आणि बोलणं जसं झालं तसं, त्या माणसाच्या शब्दांत लिहायचं.

वागळे इस्टेट कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत हीच. आज तिथल्या रस्त्यांवर काचेच्या आयटी इमारती आणि पत्र्याचे गाळे एकमेकांना खेटून उभे आहेत. एका बाजूला गळ्यात आयकार्ड घातलेली मुलं कॉफी पीत असतात, दुसऱ्या बाजूला टेम्पोत जॉब भरले जात असतात. आमच्या विद्यार्थ्यांची ओळख पहिल्या बाजूशी. दुसऱ्या बाजूला जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलेलाच नव्हता, अगदी लोकमान्यनगरच्या मुलीवरसुद्धा, जिचं घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पहिल्या आठवड्याच्या लॉगबुकातली नोंद अशी:

'प्रश्न: असं अॅप असेल तर तुम्ही वापराल का? उत्तर: हो हो, चांगलं आहे, करा.'

अशाच नोंदी ओळीने. विद्यार्थी खूश होते. मराठी माणूस कॉलेजच्या पोरांना तोंडावर नाही म्हणत नाही. चहा पाजतो आणि 'करा करा' म्हणतो. मी पानाच्या खाली फक्त लिहिलं: 'यातल्या कुणी पैसे किती ते विचारलं का?' कुणी विचारलं नव्हतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावेनात, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. ती ऐकून आपण मनाशी काढलेला अर्थ असा की वस्तू चांगली होती, गिऱ्हाईक अडाणी होतं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा अर्थ फार आवडतो. पण ज्या गाळ्यावर हे प्रकरण घडलं त्याचा मालक अडाणी नव्हता. टूलरूममध्ये नोकरी करून, मग भाड्याच्या जागेत एक लेथ टाकून, हळूहळू दोन व्हीएमसीपर्यंत, म्हणजे धातू कोरून काढणाऱ्या मोठ्या मशीनपर्यंत, पोचलेला माणूस. विद्यार्थ्यांनी बेअरिंगचं सांगितल्यावर तो म्हणाला, "अरे बाळांनो, बेअरिंग जाणार ते आवाजावरून कळतं. माझ्या आधी ऑपरेटरला कळतं. तो मला सांगतो, मी आणून ठेवतो. यात अॅप काय करणार?"

कॉम्प्युटरवाल्याने लॉगबुकात लिहिलं: 'मालकाला तंत्रज्ञानाची आवड नाही.' ते वाक्य मी खोडायला लावलं. मालकाच्या गाळ्यात संगणकावर चालणाऱ्या दोन मशीन होत्या.

ड्रॉवरमधलं बिल

मग प्रश्न बदलले. पुढे काय कराल, काय घ्याल, हे विचारायचं नाही, कारण त्याची उत्तरं फुकट असतात. मागे काय घडलं ते विचारायचं. गेल्या महिन्यात काम कधी थांबलं होतं? का? किती वेळ? कुठला खर्च देताना जिवावर आलं?

शेवटचा प्रश्न मेकॅनिकलच्या मुलीने विचारला. मालकाने उत्तर दिलं नाही, टेबलाचा ड्रॉवर उघडला आणि महावितरणचं बिल काढून समोर टाकलं. एका रकान्याभोवती पेनने गोल केलेला होता.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं या रकान्यावर उभं आहे. घरी आपण युनिटचे पैसे भरतो. २० किलोवॅटच्या वरच्या लघुदाब औद्योगिक ग्राहकाला युनिटशिवाय डिमांडचेही पैसे असतात, दर केव्हीएमागे दर महिना; केव्हीए हे भाराचं माप. तुम्ही महावितरणला आधी सांगून ठेवलेलं असतं की एका वेळी जास्तीत जास्त एवढा भार मी घेईन. ती तुमची मंजूर डिमांड. ती ओलांडली की वरच्या केव्हीएला दीडपट दराने दंड. महिन्यात एकदा ओलांडली तरी त्या महिन्याचा दंड बसतो. या गाळ्याची मंजूर डिमांड ६० केव्हीए, आणि मीटर बहुतेक महिन्यांत त्याच्या वर जात होता. दंडाची रक्कम काही हजारांत. गाळा बुडेल इतकी नाही, पण मालकाने पेनने गोल करावा इतकी नक्की.

"मंजुरी वाढवून का घेत नाही, काका?" इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने विचारलं.

"मग दर महिन्याला जास्तीचे भरत बसायचं? एक-दोन दिवसांच्या चुकीसाठी?"

टीमला विषय मिळाला. मीही खरेदीची बंदी उठवली.

पहिला भोंगा

पॅनलमध्ये येणाऱ्या तिन्ही फेजवर क्लॅम्प लावायचे, करंट मोजायचा, ईएसपी-३२ या छोट्या कंट्रोलरच्या बोर्डवर त्याचा केव्हीए काढायचा आणि मर्यादा ओलांडली की भोंगा वाजवायचा, असं पहिलं यंत्र. ४१५ व्होल्टला ६० केव्हीए म्हणजे फेजमागे साधारण ८३ अँपिअर. तेवढे झाले की आवाज. चालू पॅनलला हात फक्त गाळ्याच्या वायरमनने लावायचा, ही माझी अट. वायरमन लायसनवाला होता, आणि त्याने ही अट माझ्याआधीच घातली होती.

भोंगा पहिल्या दिवशी इतका वाजला की दुपारच्या आत ऑपरेटरने त्यात कापूस कोंबला.

कॉम्प्रेसरची मोटर सुरू झाली की वाजायचा. थेट सुरू होणारी मोटर पहिले काही क्षण नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते, हे तिघांनी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले होते. वायरमन हसला आणि म्हणाला, "भाऊ, मीटर असा क्षणाक्षणाला बघत नाही. तो अर्ध्या तासाचा हिशोब ठेवतो."

हे वाक्य या प्रोजेक्टमधलं सगळ्यात मोलाचं तांत्रिक ज्ञान, आणि ते लायब्ररीतून आलं नाही. पुस्तकात ते असतंच: महाराष्ट्रात कमाल डिमांड ३० मिनिटांच्या टप्प्याच्या सरासरीवर धरली जाते. पण हे वाक्य कशाला लागतं ते कळायला कापूस कोंबलेला भोंगा बघावा लागतो. समजा पहिली २० मिनिटं सरासरी ७० केव्हीए भार चालला. तर उरलेली १० मिनिटं ४० केव्हीएवर राहिलात तर सरासरी बरोबर ६० येते आणि दंड वाचतो. म्हणजे क्षणाचा झटका बिनमहत्त्वाचा. पण विसाव्या मिनिटाला 'एक मशीन दहा मिनिटं थांबव' असं सांगणारं काही असेल, तर त्याला किंमत आहे.

यावर टीमने एक निर्णय घेतला, तो मला फार आवडला. मीटरचा अर्धा तास कधी सुरू होतो आणि आपला कधी, हे जुळवायचं कसं? घड्याळं थोडी पुढेमागे पळतात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने सुचवलं की जुळवायचंच नाही; दर मिनिटाला मागच्या ३० मिनिटांची सरासरी काढत राहायची. मीटरचा कुठलाही टप्पा घ्या, तो आपल्या या सरकत्या टप्प्यांपैकी एकाशी जवळजवळ जुळणारच, त्यामुळे आपला सर्वोच्च आकडा मीटरच्या आकड्याहून फारसा कमी येणार नाही. थोडे भोंगे उगाच वाजतील, पण दंड चुकून निसटणार नाही. रिव्ह्यू कमिटीसमोर त्यांनी हे नीट सांगितलंच नाही, एका स्लाइडच्या कोपऱ्यात टाकलं. सजावटीसाठी क्लाउडचं चित्र मात्र मधोमध होतं.

चौघांतले तीन

दरम्यान टीमचं बिनसलं. कॉम्प्युटरवाल्याचं अॅप आता कुणालाच नको होतं. गाळ्यात फोन मालकाच्या खिशात असतो आणि मशीन थांबवणारा माणूस मशीनपाशी. तिथे भोंगा आणि लाल दिवाच बरा. त्याचं काम गेलं तसा तोही वागळेला जायचा थांबला. गटात सहकाऱ्यांनी एकमेकांना गुण वाटायचे होते, प्रत्येकाने इतर तिघांत १०० गुण. डोंबिवलीच्या मुलाने ३३, ३३, ३४ वाटले आणि ३४ कुणाला द्यायचे यासाठी चिठ्ठी टाकली म्हणे. मुलीने मात्र कॉम्प्युटरवाल्याला १० दिले आणि कारण लिहिलं: 'येत नाही.'

रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांवर प्रयोग केले होते; ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोराला जितकी माणसं जास्त, तितका प्रत्येकाचा जोर कमी. गटाचे प्रोजेक्ट घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे रिंगेलमानचं नाव न ऐकताही माहीत असतं, आणि आळशी मुलगा शोधून काढायची आपल्याला सवय लागते. इथे प्रकरण वेगळं होतं. मुलगा आळशी नव्हता. गिऱ्हाईक बदललं, त्याबरोबर कामाचं स्वरूप बदललं, आणि त्याला येत असलेली गोष्ट निरुपयोगी ठरली. धंद्यात हे रोज घडतं. आपण टीम बांधताना प्रत्येकाला शाखेप्रमाणे खातं वाटून देतो, त्यामुळे खातं बुडालं की माणूस बुडतो.

मी 'टीम लीडर' हे पद काढून टाकलं. दर आठवड्याला चिठ्ठी काढून कुणीही एकाने सगळ्या टीमचं काम सांगायचं आणि प्रत्येकाने निदान एका गाळ्याशी बोलणं स्वतः ठेवायचं, एवढे दोन नियम केले. कॉम्प्युटरवाल्याच्या वाट्याला मालकाचा सुपरवायझर आला. त्याच्याशी बोलून आल्यावर त्याने पहिल्यांदा लॉगबुकात पानभर लिहिलं. सुपरवायझरने विचारलं होतं, "भोंगा वाजतो ते ठीक. पण रोज कधी वाजतो ते कागदावर देता येईल का? शेठना दाखवायला."

त्याने दोन आठवड्यांच्या नोंदींचा एका पानाचा तक्ता काढणारा प्रोग्राम लिहिला. वेळ आडवी, केव्हीए उभा, ६० वर लाल रेघ. रेघ ओलांडणारे जवळजवळ सगळे डोंगर सकाळी अकरा ते बाराच्या मध्ये.

नकार

अकराला काय होतं? सकाळच्या चहानंतर हीट ट्रीटमेंटची विजेची भट्टी लावली जायची. त्या वेळी दोन्ही व्हीएमसी, सगळे लेथ आणि कॉम्प्रेसर जोरात असायचे. थंड भट्टी तापेपर्यंत पूर्ण भार ओढते, आणि तापायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. म्हणजे डिमांडच्या एका टप्प्याचा बराचसा भाग तिच्या पोटात.

मालकाने कागद पाहिला. सुपरवायझरला हाक मारली. "उद्यापासून भट्टी आठला लाव. मशीन सुरू व्हायच्या आधी."

संपलं. पुढच्या बिलात तो रकाना शून्य होता.

टीम यंत्राची किंमत ठरवून गेली होती. सामानाचा खर्च, त्यावर नफा, वर्षाची देखभाल, सगळं एका कागदावर. मालक म्हणाला, "भोंगा परत घेऊन जा, पोरांनो. आता त्याचं काय काम? मला कळायचं ते कळलं. हिशोब मात्र छान ठेवलात. माझ्या मेहुण्याचा रबाळ्याला गाळा आहे, त्याचंही बिल असंच फुगतं. तिथे लावून बघा." आणि मग, "बरं, तुमचे पैसे किती झाले?"

इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणाला, "नको काका, प्रोजेक्टच आहे आमचा." मुलगी त्याला तोडत म्हणाली, "तीन हजार."

"बिल द्या, देतो."

रिक्षात बसल्यावर त्यांच्यात जुंपली. एकाच्या मते तीन हजार फार झाले, दुसऱ्याच्या मते दरमहा वाचणाऱ्या दंडाच्या मानाने ते काहीच नाहीत. दोघांचंही बरोबर होतं, कारण हे पैसे कशाचे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. यंत्र तर परत आणलेलं.

मला विचाराल तर या सबंध सेमिस्टरमधला धंद्याचा खरा धडा त्या रिक्षात होता. जे यंत्र आपला प्रश्न कायमचा सोडवून टाकतं ते गाळ्यात ठेवायची गरज उरत नाही. मग विकायचं काय? विकायची ती माहिती, आणि ती एकदाच विकली जाते. मुलगी म्हणाली, यंत्र भाड्याने लावू: पंधरा दिवस ठेवायचं, एका पानाचा कागद द्यायचा, यंत्र काढून पुढच्या गाळ्यात न्यायचं. कॉम्प्युटरवाला म्हणाला, असं केलं तर चार गाळ्यांसाठी चार वेळा जावं लागेल, हा काय स्टार्टअप झाला? इन्व्हेस्टर काय म्हणेल? त्याच्या डोक्यातला इन्व्हेस्टर आमच्या कॉलेजमध्ये अजून आलेला नाही. पण प्रश्न चुकीचा नव्हता. सेवा वाढवायची तर माणसं वाढवावी लागतात, वस्तू तशी नसते.

मी कुणाचीच बाजू घेतली नाही. फक्त हातात काय आहे ते मोजायला लावलं: एक यंत्र, एक ओळखीचा मालक, त्याचा मेहुणा, शनिवारचे दिवस. आणि फसलं तर किती जाईल? सरस सरस्वती या संशोधिकेने २००१ मध्ये अनुभवी उद्योजकांच्या विचाराची जी रीत मांडली तिच्यात हा एक भाग आहे: नफा किती होईल याचा अंदाज बांधण्याआधी किती तोटा परवडेल ते ठरवायचं. त्यांचा परवडणारा तोटा म्हणजे ऐरोलीच्या पुलावरून नवी मुंबईतल्या रबाळ्याला जायचं बसभाडं. ते गेले.

बिल कोण देणार

मालकाला बिल हवं होतं, आणि इथे कॉलेज अडखळलं. अकाउंट्सने सांगितलं की विद्यार्थ्यांच्या कामाची पावती कॉलेजच्या नावाने देता येणार नाही. टीमचं स्वतःचं नाव नाही, खातं नाही. एकाने ठामपणे सांगितलं की जीएसटी नंबर काढल्याशिवाय बिल देणं गुन्हा आहे. तसं नाही, सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही, आणि साधं बिल कुणीही आपल्या नावाने देऊ शकतं. मुलीने साध्या कागदावर तारीख, कामाचं वर्णन, रक्कम आणि सही असं बिल दिलं. कामाचं वर्णन काय लिहायचं यावर चौघं संध्याकाळभर बसले होते. शेवटी लिहिलं: 'वीज डिमांडची पंधरा दिवसांची नोंद व अहवाल.' भोंग्याचा उल्लेख नाही. माझ्या मते त्यांचं प्रॉब्लेम स्टेटमेंट त्या ओळीत आलं, पहिल्या रिव्ह्यूला जे दोन परिच्छेदांत आलं नव्हतं.

मार्क

शेवटच्या रिव्ह्यूला यंत्र रबाळ्याला होतं. टीम कमिटीसमोर तक्ते, फोटो आणि बिलाची प्रत घेऊन उभी राहिली.

"वर्किंग मॉडेल कुठे आहे?"

"सर, ते भाड्याने गेलंय."

कमिटीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे उत्तर उद्धट वाटलं. त्यांचे आक्षेप तीन. मॉडेल दाखवलं नाही. यात नवीन काय, भार मर्यादेत ठेवणारे डिमांड कंट्रोलर बाजारात मिळतात. आणि यंत्राच्या अचूकतेची नीट तपासणी नाही. मुलांनी मीटरच्या पडद्यावरच्या कमाल डिमांडशी आपला आकडा ताडून पाहिला होता, पण फरक का येतो याचा हिशोब रिपोर्टमध्ये नव्हता. व्होल्टेज ४१५ धरून चालले होते, आणि ते दुपारी उतरतं हे वायरमनने सांगितल्यावर बरंच उशिरा मोजायला लागले.

तिसरा आक्षेप सोळा आणे बरोबर. "आपण इंजिनिअरची डिग्री देतो, सेल्समनची नाही," असं ते म्हणाले, आणि या वाक्याला मी हसून सोडून देणार नाही. गिऱ्हाईक खूश आहे म्हणून मोजमाप ढिलं चालत नाही. भट्टीचा डोंगर इतका उंच होता की थोड्या चुकीने काही बिघडलं नाही. पुढच्या गाळ्यात ती चूक पैशांत निघाली असती.

नावीन्याचा आक्षेप मात्र मला मान्य नाही. बाजारातले डिमांड कंट्रोलर त्या मालकाने घेतले नव्हते, त्याला ते माहीत असूनही. का घेतले नव्हते हे शोधणं हेच काम होतं. विद्यापीठाच्या निकषांत गरजेचा सर्व्हे, प्रॉब्लेमची स्पष्टता, खर्चाचा मेळ हे सगळं आहे. पूर्ण चालणारं मॉडेल हा त्यांतला एक निकष आहे. पण टेबलावर मॉडेल चालताना दिसतं, बदललेला विचार दिसत नाही, आणि जे दिसतं त्याला मार्क पडतात. विद्यार्थी मूर्ख नाहीत. सीनियर्सकडून त्यांना कळलेलं असतं की शेवटच्या दिवशी दिवा पेटला पाहिजे. म्हणून ते पहिल्या दिवसापासून दिव्याच्या मागे लागतात.

कमिटीने टीमला मध्यम मार्क दिले. लॉगबुकचे माझ्या हातातले १० मी सारखे दिले नाहीत. सगळ्यात जास्त मिळाले मुलीला, आणि तिच्या पाठोपाठ कॉम्प्युटरवाल्याला, कारण त्याच्या पानांवर खोडलेले अंदाज होते आणि ते का खोडले ते लिहिलेलं होतं. डोंबिवलीच्या मुलाच्या सगळ्या नोंदी नीटनेटक्या, एकाच शाईत, बहुधा एकाच रात्रीच्या. तो मला भेटायला आला, वाद घातला, आणि माझा आकडा बदलला नाही.

पुढच्या बॅचसाठी विभागात एवढं ठरलं की पहिल्या रिव्ह्यूला हार्डवेअर दाखवायचं नाही, फक्त बोलण्याच्या नोंदी दाखवायच्या. आणि शेवटच्या रिव्ह्यूच्या कमिटीत बाहेरचा एक गाळेवाला बसवायचा. पहिली गोष्ट सुरू झाली. दुसरीसाठी मानधन कुठल्या हेडखाली दाखवायचं यावर फाइल अडून आहे.

पुढे यंत्राचं काय झालं

रबाळ्यानंतर आणखी काही गाळे झाले. मग नोकरीसाठीच्या कॅम्पस मुलाखती सुरू झाल्या आणि दोघं त्यात गेले, जे होणारच होतं. मुलगी आणि इलेक्ट्रॉनिक्सवाला राहिले. तोवर त्यांच्या लक्षात आलं की नवा गाळा त्यांना कॉलेजच्या नावावर मिळत नाही, वायरमनच्या शब्दावर मिळतो. त्याचं लायसन, त्याचा हात पॅनलमध्ये, महिन्याला त्याच्या कितीतरी गाळ्यांना फेऱ्या. शेवटी वायरमनच म्हणाला, "ताई, हे मलाच देऊन टाका. कागद काढायचं तेवढं शिकवा."

या प्रोजेक्टमध्ये यंत्राची विक्री झाली ती एवढी एकच, आणि ज्याला विकलं त्याचं नाव टीमच्या संभाव्य ग्राहकांच्या यादीत कधीच नव्हतं.

त्यावर कॉलेजमध्ये प्रश्न निघाला की यंत्र कुणाचं. केंद्राच्या २०१९ च्या विद्यार्थी स्टार्टअप धोरणात संस्थेने दिलेल्या मदतीच्या बदल्यात कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेण्याची तरतूद आहे. एका सहकाऱ्याने ती मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. पण इथे कंपनीच नव्हती, हिस्सा कशाचा घेणार? एवढ्यात लॅब असिस्टंटने वेगळंच सांगितलं: यंत्रातला ईएसपी-३२ चा बोर्ड कॉलेजच्या लॅबचा आहे, रजिस्टरवर नोंद आहे, तो आधी परत करा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने नवा बोर्ड आणून यंत्रात घातला, जुना जमा केला, सही घेतली.

वायरमनने पैसे देताना विचारलं, "वॉरंटी किती?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, बाजूला जाऊन बोलले, आणि बिलाच्या खाली हाताने लिहिलं: सहा महिने, क्लॅम्प सोडून.